मैदान, वळण आणि ख्रिस्ती विश्वास: मुलांच्या फुटबॉलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पूर्व भागात, घोरपडी-वानवडीकडे, आम्ही काही जण नोकऱ्या सांभाळून मुलांना फुटबॉल शिकवतो. आम्ही सगळे मराठी ख्रिस्ती घरांतले. मुलं मात्र सगळ्या घरांतली. कडेला उभे असलेले पालक, चर्चमधले ज्येष्ठ आणि नव्याने शिकवायला येणारे तरुण कोच फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत. काही लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

हा फुटबॉलचा क्लास आहे की संडे स्कूल?

फुटबॉलचा क्लास. दीड तासाच्या सरावात चेंडू जास्तीत जास्त वेळ मुलांच्या पायाशी असावा आणि कोचचं तोंड कमीत कमी चालावं, असा प्रयत्न असतो. बायबलची वचनं पाठ करायला ग्राउंड लागत नाही. त्यासाठी चर्चचा हॉल आहे आणि तिथे पंखेही आहेत. पण शिकवणारा माणूस मनातून जे मानतो ते त्याच्या शिकवण्यात उतरतंच. आम्ही येशू ख्रिस्ताला मानतो. हे लपवून ठेवलं तर पालकांची फसवणूक होईल, म्हणून पहिल्या भेटीतच सांगून टाकतो.

आम्ही ख्रिस्ती नाही. मुलाला पाठवलं तर चालेल का?

चालेल. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी दहा दिवसांचा गणपती असतो, कुणाचे रोजे असतात, कुणाचे आजोबा दरवर्षी वारीला जातात. फॉर्मवर धर्माचा रकाना नाही.

सराव संपला की मुलं गोल करून बसतात आणि मिनिटभराची प्रार्थना होते. त्याआधी कोच सांगतात, "ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबा, बाकीच्यांनी कोन गोळा करा." कोन म्हणजे ग्राउंडवर खुणेसाठी मांडलेले प्लॅस्टिकचे शंकू. ते गोळा करणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. टीममधली जागा, कॅप्टनचा पट्टा किंवा कोचची मर्जी यांपैकी कशाचाही प्रार्थनेशी संबंध जोडायचा नाही, अशी कोच मंडळींना सक्त ताकीद आहे. (काही ख्रिस्ती मुलंही कोन गोळा करायला पळतात, हे आमच्या लक्षात आलेलं आहे. त्यांनाही कुणी अडवत नाही.)

स्पष्टच विचारतो: यामागे धर्मांतर आहे का?

नाही. आडून आडून विचारण्यापेक्षा असं सरळ विचारलेलं आम्हाला आवडतं.

संविधानाच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तो अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. आमचा गट म्हणजे शाळा नव्हे, त्यामुळे हे कलम आम्हाला जसंच्या तसं लागू होत नाही. तरी लहान मुलाच्या बाबतीत पालकांना डावलून काही करायचं नाही, ही मर्यादा आम्ही स्वतःला घालून घेतली आहे.

याच्या उलट कसं घडू शकतं, तेही इतिहासात आहे. सेसिल टिंडेल-बिस्को हे मिशनरी १८९० मध्ये श्रीनगरच्या मिशन शाळेत आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी मुलांना फुटबॉल खेळायला लावला. मुलं काश्मिरी पंडितांची, चेंडू चामड्याचा. त्याला शिवायचं कसं? तेव्हा शिक्षकांच्या हातात काठ्या देऊन मुलांना मैदानात रेटलं गेलं. पुढे काश्मीरमध्ये फुटबॉल चांगला रुजला आणि त्या शाळेचं नाव तिथे आजही आदराने घेतात, हेही खरं. पण काठीच्या धाकाने चेंडूला पाय लावणारा मुलगा त्या दिवशी ख्रिस्ताबद्दल काय शिकला असेल? आम्हाला तरी याचं उत्तर फारसं सुखाचं वाटत नाही.

खेळ आणि ख्रिस्ती विश्वास यांचा संबंध आला कुठून?

बायबलपासूनच. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन स्पर्धा भरत आणि विजेत्याला झाडाच्या डहाळ्यांचा मुकुट घालत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात प्रेषित पौल हेच डोळ्यांसमोर ठेवून लिहितो: शर्यतीत धावतात सगळे, बक्षीस एकाला, खेळाडू सगळ्या बाबतींत स्वतःवर ताबा ठेवतो, तोही सुकून जाणाऱ्या मुकुटासाठी.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शाळांनी आणि चर्चनी हा धागा पुन्हा उचलला. मैदानावर घाम गाळला की मुलं धडधाकट आणि सचोटीची निपजतात, अशी त्यांची श्रद्धा होती. ॲस्टन व्हिला हा क्लब १८७४ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका वेस्लियन चॅपलमधल्या (मेथडिस्ट पंथाच्या छोट्या चर्चमधल्या) क्रिकेट खेळणाऱ्या तरुणांनी काढला. एव्हर्टन १८७८ मध्ये लिव्हरपूलच्या मेथडिस्ट चॅपलमधून निघाला. ग्लासगोचा सेल्टिक हा क्लब ब्रदर वॉलफ्रिड या मारिस्ट (एका कॅथलिक संघातल्या) धर्मबंधूने १८८७ मध्ये स्थापला, तो गरीब आयरिश मुलांच्या जेवणाला पैसे उभे करण्यासाठी. बास्केटबॉल (१८९१) आणि व्हॉलिबॉल (१८९५) हे दोन्ही खेळ तर अमेरिकेतल्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेतच जन्मले.

त्या काळच्या या उत्साहात साम्राज्याचा तोराही मिसळलेला होता. तो आम्हाला नको. सेल्टिकची गोष्ट मात्र मुलांना आवर्जून सांगतो, कारण तिच्यात आधी भूक आहे आणि मग फुटबॉल.

म्हणजे फुटबॉल खेळला की मुलाला आपोआप चांगलं वळण लागतं?

नाही हो. फुटबॉल मुलाला धक्का न लागता लोळण घ्यायला शिकवतो, रेफरीची पाठ वळली की जर्सी ओढायला शिकवतो, आघाडी असली की वेळ काढायला शिकवतो. वर याचं बक्षीसही देतो, कारण अशा टीम जिंकतात. खेळातून चारित्र्य घडतं हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक बक्षीस समारंभात ऐकू येतं आणि बोलणारे पाहुणे बहुधा सेकंड हाफला आलेले असतात.

खेळातून संधी मिळते, एवढंच म्हणता येईल. दर पाच मिनिटांनी मुलावर असा प्रसंग येतो की त्याच्या आत काय आहे ते बाहेर दिसतं. गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आत्म्याच्या फळाची यादी आहे: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी सुरू होऊन ती इंद्रियदमनावर संपते. अकरा वर्षांच्या मुलाला इंद्रियदमन म्हणजे काय ते समजावून सांगणं कठीण. पण तीन मिनिटं उरलीत, आपण एक गोलने मागे आहोत आणि समोरचा गोली तिसऱ्यांदा बुटाची नाडी बांधत बसलाय, तेव्हा त्याच मुलाला ते बरोबर कळतं. त्या क्षणी कोच काय करतो यावर पुढचं सगळं ठरतं. कोचच कडेला उड्या मारत ओरडत असेल, तर सामन्यानंतर सहनशीलतेवर बोलण्याचे कष्ट त्याने घेऊ नयेत.

सरावात हे प्रत्यक्षात कसं उतरवता?

छोट्या सवयींतून. चार-चार जणांच्या छोट्या मॅचला आम्ही रेफरी देत नाही. फाउल ज्याने केला त्याने स्वतः हात वर करायचा. नव्या बॅचचे पहिले काही आठवडे यात निव्वळ भांडणं होतात. चेंडू कडेला पडून राहतो आणि आठ जण एकमेकांवर खेकसत असतात. कोचने मध्ये पडायचं नाही. खेळायला मिळत नाही हे उमगलं की मुलं आपोआप तडजोडीला येतात. गंमत म्हणजे, आधी हात वर करायला लागतात ती बहुतेक वेळा शांत, मागे खेळणारी मुलं. फॉरवर्ड शेवटी.

दुसरी सवय बिबची, म्हणजे टीम ओळखू याव्यात म्हणून शर्टावर घालायच्या रंगीत बंड्यांची. सरावानंतर घामाने आणि मातीने चिंब झालेले बिब एका पिशवीत भरतात आणि पाळीपाळीने एकेक मूल ती पिशवी घरी नेतं. अट अशी की बिब त्याने स्वतः धुवायचे, आईने नाही. आईने धुतले असतील तर लगेच कळतं: घड्या घातलेल्या असतात. एकदा पोपटी बिबवर गुलाबी डाग पडून आले. बादलीत नवा लाल टी-शर्टही भिजत घातला होता. पिशवी गुपचूप ढिगात ठेवून सटकता आलं असतं, पण त्या मुलाने ती सगळ्यांसमोर उघडली आणि "मीच धुतले" म्हणाला. त्या बिबवाल्या टीमचं नाव 'गुलाबी' पडलं ते कायमचं, आणि आता गुलाबी डागवाला बिब मिळावा म्हणून मारामारी असते.

प्रार्थनेआधी कोच एखाद-दुसरं वाक्य बोलतात, तेही त्याच दिवशी ग्राउंडवर घडलेल्या गोष्टीवर. कुणी पडलेल्या मुलाला हात दिला असेल तर त्याचं नाव घेतात. प्रवचन नाही. दिवसभराची शाळा आणि त्यावर दीड तास पळापळ झालेल्या मुलाला प्रवचन ऐकवणं हे प्रवचनाचंच नुकसान आहे.

प्रार्थना इंग्रजीत असते का?

मराठीत. कधी एखादा मुलगा हिंदीत करतो. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी, हा समज पुण्यात अजून आहे, त्याचं नवल वाटतं. कारण रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्या कवीने आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणून ठेवलंय, आणि पंडिता रमाबाईंनी इथून जवळच केडगावला बसून बायबल मराठीत आणलं. आमच्या आज्या टिळकांची भजनं म्हणत मोठ्या झाल्या.

कोणत्या वयापासून घेता? हेडिंग शिकवता का?

सहा वर्षांपासून. आठ वर्षांखालच्यांना ३ नंबरचा चेंडू, बारापर्यंत ४ नंबरचा, त्यापुढे ५ नंबरचा. पालक हौसेने ५ नंबरचा आणतात. तो ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो आणि सात वर्षांच्या पायाला जड जातो.

लहान मुलांना हेडिंगचा, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याचा, सराव देत नाही. अमेरिकेच्या सॉकर महासंघाने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेडिंग बंद केलं आणि इंग्लंडमध्ये २०२० पासून अकरा वर्षांखालच्या गटांच्या सरावातून ते काढलं गेलं. वाढत्या मेंदूच्या बाबतीत सावध राहिलेलं बरं.

सगळ्यांना खेळायला मिळतं का? माझा मुलगा बाकीच्यांपेक्षा चांगला खेळतो.

बारा वर्षांखाली सगळ्यांना साधारण सारखा वेळ मिळतो, जिंकत असलो तरी आणि हरत असलो तरी. त्यापुढच्या गटांत थोडा फरक पडतो, पण जर्सी घालून आलेला कुणीही न खेळता घरी जात नाही.

यावरून सगळ्यात जास्त कुरबुर होते आणि ती बहुतेक वेळा चांगल्या खेळाडूंच्या घरून येते. "आमचा दर सरावाला येतो, तो कालचा पोरगा, आणि दोघांना सारखंच?" मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मजुरांची अगदी हीच तक्रार आहे. पहाटेपासून राबलेल्यांना आणि शेवटच्या तासाला आलेल्यांना मालक सारखीच मजुरी देतो, आणि पहाटेचे चिडतात. खरं सांगायचं तर चर्चमध्ये ही गोष्ट ऐकताना मान डोलावणारेच टच लाइनवर पहाटेच्या मजुरांच्या बाजूने बोलतात. त्यांचा मुद्दा अगदीच गैर नाही. मेहनतीला काही किंमत हवी. ती आम्ही कॅप्टनपद, फ्री किक, कुठल्या जागी खेळायचं, यांतून देतो. मिनिटांतून नाही.

वयाच्या दाखल्याबाबत इतके कडक का? सगळेच थोडंफार करतात.

इथे मात्र आमचा आवाज चढतो.

वय चोरणं ही आपल्याकडच्या मुलांच्या फुटबॉलला लागलेली जुनी कीड आहे. बारा वर्षांखालच्या मॅचला समोर मिसरूड फुटलेला सेंटर बॅक उभा राहतो आणि सगळे मोठे लोक काही दिसत नसल्यासारखं वागतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला म्हणूनच वयोगटांच्या स्पर्धांत मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासायची पाळी आली. पण तालुका-जिल्हा पातळीवर, सुट्टीतल्या टुर्नामेंटमध्ये, कोण एक्स-रे काढतो?

एक वडील मुलाला घेऊन आले होते. मुलगा चांगला, डाव्या पायाचा. फॉर्म भरताना त्यांनी फाइलमधून जन्मदाखला काढून दिला, मग जरा थांबून दुसऱ्या प्लॅस्टिकच्या कव्हरमधून आणखी एक काढला आणि म्हणाले, "सर, हा पण आहे. तुम्हाला जो चालेल तो लावा." दोन्हींत दीड वर्षाचा फरक. मुलगा शेजारीच उभा होता आणि बुटाच्या स्टडमधली माती काडीने काढत होता. त्याला दोन्ही दाखले पाठ होते. कुठे कुठली तारीख सांगायची ते त्याला घरात शिकवलेलं होतं.

अशा मुलाला उद्या आम्ही सचोटीबद्दल काय सांगणार? दहाव्या वर्षी त्याला कळून चुकलंय की जन्माची तारीखसुद्धा सोयीप्रमाणे बदलते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल सांगतो की नियमाप्रमाणे लढल्याशिवाय मल्लाला मुकुट मिळत नाही. आमच्या दृष्टीने ख्रिस्ती कोच असण्याचा खरा कस इथे लागतो, प्रार्थना किती लांब झाली यात नाही. खऱ्या दाखल्यावर त्या मुलाला वरच्या गटात घेतलं. तिथे तो सुरुवातीला बेंचवरच जास्त बसला आणि वडील नाराज झाले, पण पाठवत राहिले. वय चोरून ट्रॉफी मिळत असेल तर ती आम्हाला नको, मग स्पर्धा चर्चने भरवलेली का असेना. चर्चच्या स्पर्धांतही हे चालतं, हे इथे लिहून ठेवलेलं बरं.

रविवारी सकाळी मॅच लागली तर चर्चचं काय?

पुण्यातल्या जवळजवळ सगळ्या लहान मुलांच्या मॅच रविवारी सकाळी असतात, कारण शाळांची ग्राउंड त्याच दिवशी मोकळी. म्हणजे हा प्रश्न दर महिन्याला आहेच.

एरिक लिडेल यांचं नाव या संदर्भात निघतंच. स्कॉटलंडचा हा धावपटू १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर धावला नाही, कारण त्याची प्राथमिक फेरी रविवारी होती. त्याऐवजी तो चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. पुढे तो मिशनरी म्हणून चीनला गेला आणि १९४५ मध्ये तिथल्याच नजरकैदेच्या छावणीत वारला. मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण ती सांगताना दोन गोष्टी गाळू नयेत. एक, वेळापत्रक त्याला महिनोन्‌महिने आधी माहीत होतं, त्यामुळे चारशे मीटरची तयारी करायला त्याला वेळ मिळाला. दोन, रिलेच्या शर्यतीही त्याने सोडल्या आणि त्याबदल्यात त्याला काही मिळालं नाही. देवासाठी एक सोडलं की दुसरं हमखास पदरात पडतं, असा हिशेब मुलांच्या डोक्यात बसवू नये.

आमच्यापुरतं म्हणायचं तर आयोजकांना आधीच पत्र देतो आणि दुपारची वेळ मागतो. निम्म्या वेळा मिळते. नाही मिळाली तर निर्णय घरचा. कॅथलिक घरांना शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेची सोय असते. प्रॉटेस्टंट मंडळींत बहुतेक ठिकाणी तशी नसते, तिथे संध्याकाळची उपासना असेल तर बरं. उपासनेसाठी मॅच सोडणाऱ्या मुलाची जागा पुढच्या मॅचला कापली जात नाही. आणि मॅचला आलेल्या मुलाला "आज चर्च बुडवलंस ना?" असं कुणी विचारत नाही. विशेषतः कोचने तर नाहीच, कारण त्याचंही बुडालेलं असतं.

गळ्यात क्रूस घालून खेळता येईल का?

नाही. खेळाच्या नियमावलीतला चौथा नियम सगळ्या दागिन्यांना बंदी घालतो: साखळी, अंगठी, कडं, कानातलं. वर चिकटपट्टी लावूनही चालत नाही. त्यात क्रूस आला, जपमाळ आली, ताईत आला. आजीने बांधलेला काळा दोरा सोडताना मुलं कासावीस होतात. कोच तो स्वतः सोडून पाकिटात नीट ठेवतात आणि मॅच संपल्यावर परत बांधतात. दुसऱ्याच्या श्रद्धेची वस्तू हातात आली की ती कशी धरायची, हे मुलं तिथे बघतात.

गोल झाल्यावर कुणी क्रूसाची खूण केली, कुणी जमिनीला हात लावून कपाळाला लावला, तर हरकत नाही. आतल्या बनियनवर वचन लिहून ते दाखवायला मात्र नियमानेच मनाई आहे.

मॅचआधी जिंकण्यासाठी प्रार्थना करता का?

नाही. समोरच्या टीममध्येही प्रार्थना करणारी मुलं असतातच. देवाला कशाला पेचात टाकायचं? कुणाला दुखापत होऊ नये आणि आपलं वागणं नीट राहावं, एवढं मागतो. तरी मुलं मनातल्या मनात पेनल्टीच्या वेळी काय मागतात ते आम्हाला ठाऊक आहे.

रेफरीने उघड चूक केली तर?

कॅप्टन जाऊन विचारतो, बाकीचे गप्प. कोचही गप्प. लहान मुलांच्या मॅचला शिट्टी हातात असते ती बरेचदा अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या, जो उन्हात लागोपाठ चार मॅच काढतोय. त्याच्या अंगावर ओरडणाऱ्या पालकाला आम्ही एकदा हळू आवाजात सांगतो. दुसऱ्या वेळी त्या पालकाला पार्किंगपाशी थांबायला सांगतो. तिथून गोल दिसत नाही.

मुलगा फार चिडतो, शिव्या देतो. शिक्षा करता का?

खेळातून बाहेर काढून पाच मिनिटं कोचशेजारी बसवतो. ग्राउंडला राउंड मारायला लावत नाही. पळणं ही शिक्षा झाली की मुलाला पळण्याचाच तिटकारा येतो, आणि फुटबॉल म्हणजे निम्मं पळणंच. हात उचलणं तर लांबच. ज्या कोचने उचलला तो त्या दिवसापासून आमचा कोच नाही.

यात आमचे गुरू इटलीचे संत जॉन बॉस्को (१८१५–१८८८). तुरिनमधल्या रस्त्यावरच्या पोरांना त्यांनी खेळ, काम आणि प्रार्थना यांतून सांभाळलं. मार देऊन सुधारण्यापेक्षा मुलांमध्ये मिसळून राहा, म्हणजे चुकायची वेळच कमी येईल, अशी त्यांची पद्धत. शिक्षकाने खेळाच्या तासाला मैदानात असलं पाहिजे, यावर त्यांचा फार कटाक्ष होता. चिडणाऱ्या मुलाबाबत हे अनुभवाला येतं. त्याचा स्फोट व्हायच्या आधी त्याचे कान लाल होतात, मुठी वळतात; कोच जवळ असेल तर त्याला दिसतं, आणि पाणी प्यायला बोलावण्याने काम भागतं.

मुलांच्या सुरक्षिततेचं काय? हल्ली भीती वाटते.

वाटायलाच हवी, आणि धर्माचं नाव पुढे असलं की जरा जास्तच. "चर्चची माणसं आहेत, चांगलीच असणार" असं म्हणून कुणी निर्धास्त राहू नये.

कुठलाही कोच कुठल्याही मुलाबरोबर एकटा नसतो: गाडीत नाही, कपडे बदलायच्या खोलीत नाही, फोनवर खासगी मेसेजमध्ये नाही. निरोप पालकांच्या ग्रुपवरच जातात. बाहेरगावच्या स्पर्धेला दोन पालक सोबत असतात आणि मुली असतील तर एक महिला कोच. पॉक्सो कायदा (२०१२) अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे. आधी पाळकांना विचारू, मंडळीत बसून मिटवू, हा प्रकार इथे चालणार नाही. मदतीसाठी १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर प्रत्येक मुलाच्या बॅगेतल्या कार्डावर लिहिलेला असतो.

मुलींना घेता का?

हो. बारा वर्षांपर्यंत मुलं-मुली एकत्रच खेळतात. त्यानंतर मुलींची संख्या घसरते, आणि कारण बहुतेक वेळा फुटबॉल नसतं: संध्याकाळी घरी परत यायचा रस्ता, कपडे बदलायला जागा नसणं, दहावीचं वर्ष. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींवर आम्ही काम करतो. तिसरीवर अख्खा महाराष्ट्र हतबल आहे.

माझा मुलगा पुढे मोठा खेळाडू होईल का?

फार थोडे होतात. पुण्याने आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेत पुणे एफसी पाहिला, डीएसके शिवाजियन्स पाहिला, आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) एफसी पुणे सिटी पाहिला. तो शेवटचा २०१९ मध्ये बंद झाला. क्लबचीच ही गत, तर मुलांना आम्ही काय आश्वासन देणार? खरंच गुणी मुलगा दिसला तर त्याला आमच्याकडे अडकवून न ठेवता मोठ्या अकादमीच्या ट्रायलला पाठवतो.

मला शिकवायला यायचंय. मी चर्चमध्ये नियमित आहे, पण लायसन्स नाही.

चर्चमधली हजेरी हे फुटबॉल येत असल्याचं प्रमाणपत्र नव्हे. आधी एक सीझन मदतनीस म्हणून या, कोन लावा, पाणी भरा. मग अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी लायसन्स कोर्स करा आणि प्रथमोपचार शिका. पोलीस पडताळणीचं पत्र पहिल्याच दिवशी लागतं. वाईट शिकवणारा भक्तिमान कोच मुलांना खेळाचाही कंटाळा आणतो आणि भक्तीचाही.

फी किती? परवडत नसेल तर?

ग्राउंडचं भाडं आणि साहित्य यांचा खर्च वाटून घेतो. ज्यांना जमत नाही त्यांनी एका कोचला बाजूला सांगावं. ते तिथेच राहतं. बूट लहान झाले की ते गटाच्या खोक्यात जमा करायचे आणि ज्याला बसतील त्याने घ्यायचे.

पावसात सराव असतो का?

असतो, चिखलासकट. दोन कारणांनी रद्द होतो: पालख्या शहरात असताना रस्ते बंद असतील तर, आणि विजा चमकत असतील तर. गडगडाट ऐकू आला की सगळे छपराखाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं होईपर्यंत कुणी ग्राउंडवर जायचं नाही. निरोप चार वाजेपर्यंत ग्रुपवर येतो. नाही आला तर सराव आहे असं समजा आणि जास्तीचे मोजे पाठवा.